कोंडीरामचा जिवंत गाळ

करंजवाडीत कोंडीराम ठोंबरेला सगळे घाणमास्तर म्हणत. मागं नव्हे, तोंडावर. तोही हसून म्हणायचा, "मास्तर हाय ना, मग झालं." पण कामावरून आल्यावर ओटीखाली ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यानं अंघोळ केल्याखेरीज तो उंबरा ओलांडत नसे. आई विठाबाईचा तसा दंडकच होता. "नोकरी तुझी हाय पोरा," ती म्हणायची, "पण देव माझं हायेत."

नोकरी होती खालापूरच्या अलीकडे नव्यानं उभ्या राहिलेल्या एका गिरणीच्या वसाहतीत. सत्तरच्या पुढची ती वर्षं. माळावर चाळी झाल्या, चाळींत माणसं आली, आणि माणसं आली म्हणजे मोऱ्या आणि संडास आले. ते सगळं पाणी साफ करायला वसाहतीच्या उतारावर एक चर बांधला होता. सिमेंटचा, लांबट गोल. खळ्यात मळणीचे बैल फिरतात तसं त्यात पाणी सारखं फिरत राही. एका जागी आडवा लोखंडी दांडा होता आणि त्याला पात्या. मोटार लावली की दांडा गरगर फिरे, पात्या पाणी फेकत, आणि त्या फेकाफेकीत पाण्यात वारा मिसळे. पुढं ते पाणी एका खोल हौदात निवळायला जाई. गाळ तळाशी बसे. वरच्या निवळ पाण्यात विहिरीत टाकतात तसल्या पावडरीची बारीक धार सोडलेली असे, आणि मग ते नाल्यानं नदीला मिळे. तळचा गाळ मात्र पंपानं उचलून परत चरात सोडायचा.

कोंडीरामला हे पहिल्यांदा काही उमगलं नव्हतं. घाण बाजूला काढली, आता पुन्हा आत कशाला? वसाहतीचं पाणी बघणारे कर्णिक साहेब पनवेलकडचे, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "घरी दही लावतात ना? कालचं थोडं राखून ठेवतात की नाही? हे तेच आहे. या गाळात जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. घाण खातात ते. आपण नुसता वारा द्यायचा आणि त्यांना सांभाळायचं."

ही गोष्ट कोंडीरामच्या मनात अशी बसली की त्यानं ती घरी येऊन सांगितली. विठाबाईनं नाक मुरडलं. बायको सोनुबाई कशेळ्याकडची, म्हशी असलेल्या घरातली. तिला ती बरोबर कळली. त्या दिवसापासून तो भाकरीला बसला की ती विचारायची, "लागलं का आज इरजण?" आणि तो मान डोलवायचा. वासावरून त्याला कळू लागलं होतं. चर बरा असला की त्याला ओल्या मातीचा वास येई. काचेच्या बरणीत पाणी धरून ठेवलं की नाचणीच्या आंबिलीसारखा तपकिरी गाळ हळूहळू खाली बसे आणि वर पाणी राही ते आरपार दिसणारं. ती बरणी उजेडात धरताना त्याचा चेहरा पाहिला असता तर कुणी त्याला घाणमास्तर म्हटलं नसतं.

पण हे सगळं चाललं होतं ते एका शपथेवर.

नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला करंजवाडीचा पाणवठा. वरची विहीर लांब, म्हणून उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलं की बाया रेतीत डवरा खणत. रेतीतून झिरपलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं, तेच प्यायचं. वसाहतीचा नाला इथं येणार असं कळल्यावर गाव गावदेवीच्या देवळात जमलं होतं. सरपंच धाऊ म्हणाला, "त्यांची मोरी आमच्या हंड्यात नको." म्हातारी गोदूबाई, जिच्या शब्दाशिवाय गावातल्या बाया लग्नाची हळदसुद्धा दळत नसत, ती म्हणाली, "आज सायब गोड बोलतोय. उद्या त्याची बदली झाली की आमी कुणाकडं जायचं?"

तेव्हा कोंडीराम उठला होता. देवीपुढच्या नारळावर हात ठेवून म्हणाला होता, "मी हाय ना तिथं. त्या चरातून वंगाळ पाणी गावाकडं आलं तर देवीनं माझ्याकडं बघून घ्यावं."

देवीच्या नारळावर हात ठेवला म्हटल्यावर बोलणं संपलं. दुसऱ्या सकाळी डवऱ्यावर सगळ्यांच्या आधी हंडा घेऊन गेली ती सोनुबाई. तेव्हापासून ते रोजचंच झालं. पहिला हंडा तिचा. ती पाणी डोक्यावर घेऊन चढणीला लागली की मग बाकीच्या भरायला बसत.

काही वर्षं बरी गेली. मग एका उन्हाळ्यात कर्जतच्या बाजूला कावीळ पसरल्याच्या बातम्या आल्या. दहिवलीला कुणाचा तरी मुलगा गेला, असं बाजाराहून आलेली माणसं सांगू लागली. आपल्या गावात कुणाला काही नव्हतं. पण भीती आली की ती आधी पाण्याकडंच बघते. चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. जत्रेच्या आदल्या दिवशी देवीचे टाक आणि मुखवटा वाजतगाजत नदीवर नेऊन धुवायचे, ही करंजवाडीची रीत. जागा ठरलेली, पाणवठ्याशेजारची. धाऊनं देवळात विषय काढला.

"औंदा देव वरच्या कोंडीवर, त्या डोहाशी नेऊ," तो म्हणाला. "नाल्याच्या वर."

"का?" कोंडीराम म्हणाला.

"का म्हंजे? सगळीकडं कावीळ चाललीय."

"माझ्या पाण्यानं नाय चालली."

"तुझं पाणी?" नवशा नावाचा एक शेतकरी हसला. "पाणी नदीचं हाय, कोंड्या. तुजी फक्त मोरी हाय."

माणसं हसली. गोदूबाई हसली नाही. ती म्हणाली, "त्यानं नारळावर हात ठेवलाय. देव हितंच धुवायचं. देवीला कळंल काय ते." तिनं बाजू घेतली खरी, पण ती बाजू कोंडीरामच्या छातीवर धोंड्यासारखी बसली. देवीला कळेल. म्हणजे आता परीक्षा त्याच्या पाण्याची होती.

देव धुवायच्या आदल्या दिवशी तो चरावर उभा राहिला. पाणी फिरत होतं, गाळ तपकिरी होता, वास मातीचा होता. रोज ज्याच्याकडं बघून त्याला समाधान वाटे त्याच पाण्याकडं बघून आज त्याच्या मनात आलं, यात जीव वळवळतायत. उद्या हे पाणी देवीच्या अंगावर जाणार. घाण खाल्लेले जीव.

माणूस देवाच्या बाबतीत असाच अडाणी होतो. घरच्या शिळ्या भाताला आपण नावं ठेवत नाही, पण नैवेद्याच्या पानात कालचं मीठही चालत नाही. कोंडीरामला ठाऊक होतं की निवळ पाण्यात सोडायच्या पावडरीनं जंतू मरतात. गावच्या विहिरीत तीच पावडर टाकताना त्यानं पाहिलं होतं. मग शेवटी थोडी टाकण्यापेक्षा आधीच भरपूर टाकली तर? एक दिवसापुरतं सगळंच सोवळं होईल. परवापासून आहेच रोजचं.

कर्णिक साहेब त्या दिवशी पनवेलला गेले होते. कोंडीरामनं कोठीतली पोती ओढत आणली आणि ऊन उतरायच्या आत एकामागून एक चरात रिकामी केली. डोळे झोंबले, घसा धरला. पात्या पांढरी भुकटी पाण्यात कालवत राहिल्या. तो मनातल्या मनात देवीचं नाव घेत होता.

दुसऱ्या दिवशी देव नदीवर गेले. ढोल, सनई, गुलाल. पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. गोदूबाईनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि म्हणाली, "इंजेक्शनावानी वास मारतंय गं. कोंड्यानं देवीला टोचून घेतलंय वाटतं." बाया हसल्या. धाऊनंही कोंडीरामच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मुखवटा पुसायचं फडकं कोंडीरामच्या हाती दिलं होतं. विठाबाई दुरून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग चर मेला.

एकदम नाही. आधी फेस आला, साबणाचा असावा तसा पांढरा, पात्यांपाशी चढत चाललेला. मग पाण्याचा तपकिरी रंग उडाला आणि ते भांडी धुतलेल्या पाण्यासारखं करडं झालं. बरणीत धरलं तर खाली काही बसेना, सगळं गढूळ तसंच तरंगत राही. ओल्या मातीचा वास गेला आणि खरा वास आला, जो इतकी वर्षं त्यानं कुणाला येऊ दिला नव्हता. हौदातून तेच करडं पाणी नाल्याला लागलं. कोठीत पावडर नव्हती, म्हणून शेवटची धारही बंद. नाल्याच्या तोंडाशी बारकी मासळी उलटी पडली.

कर्णिक साहेब आले, काठावर बसून त्यांनी पाणी हातात घेतलं. "कोंडीराम, कुणी काही टाकलं का रे यात? गिरणीतून रंग-बिंग सोडला कुणी?"

"मी तर काय बघितलं नाय, सायब," कोंडीराम म्हणाला.

कोठीकडं साहेबांचं लक्ष गेलं नाही. पोती तिथं नाहीत हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. ते म्हणाले, "गाळ मेलाय. नव्यानं लावावा लागेल. ताजं शेण पाहिजे, भरपूर. शेणातले जीव धरतात इथं. तुझ्या गावातून आण. नाहीतर पावसापर्यंत हे असंच वाहणार."

शेण. चैत्रात. कर्णिक पनवेलचे, त्यांना काय ठाऊक. करंजवाडीत चैत्रात शेणाच्या एकेका पाटीवरून जावा-जावांत अबोला होई. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. शेण आणि पाला अंथरून वर माती टाकून पेटवायचं. राब नीट जळला तर रोप येतं, रोप आलं तर भात. त्या दिवसांत शेण मागणं म्हणजे समोरच्याच्या ताटातला भात मागणं.

तरी तो गेला. धाऊच्या ओट्यावर बसून म्हणाला, "मोटार बिघडलीवती. चराला शेण पायजे."

"मोटारीला शेण?" धाऊ म्हणाला. "पेट्रोल संपलं का गिरणीचं?"

"मस्करी नाय, धाऊदादा."

"मग खरं सांग, काय झालंय. पाणी नासलंय का?"

"नाय. नासंल पुढं, म्हनून."

"नासलं नाय ना? मग राब भाजल्यावर ये," धाऊ म्हणाला. "तुजी बायको तर सकाळी हंडा भरून गेली. मी बघितली."

ते खरं होतं. कोंडीराम घरी आला तेव्हा सोनुबाई पोटाशी पाय घेऊन बसली होती, आणि चार वर्षांची मैना अंथरुणात पडून होती. तिला जुलाब होत होते. कोपऱ्यात भरलेला हंडा.

"डवऱ्याचं भरू नको काय दिवस," कोंडीराम म्हणाला.

"का?"

"उगाच. मोटार बिघडलीय जरा. वरच्या इहिरीचं आण."

सोनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "वास मला पण येतो. नाक हाय मला. मोटारीचं काय झालं असंल ते होऊ दे नीट. पण मी आज इहिरीवर गेले, की उद्या सगळ्या बाया म्हणतील, कोंड्याची बायकोच पीत नाय. मग तुज्या नारळाचं काय?"

"मग उकळ तरी."

"चुलीवर हंडा चढवलेला शेजारणीला दिसत नाय होय? पाणी उकळायची पाळी आली म्हंजे काय ते सगळ्यांना कळतं." ती उठली, तिनं मैनाच्या कपाळाला हात लावला. "तू चर नीट कर. मी हितलं सांभाळते."

कोंडीरामची शपथ ती पीत होती, लेकीला पाजत होती. शपथ खोटी पडली हे फक्त त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं सांगितलं नाही तोवर ती पीतच राहणार होती. सांगितलं तर नारळ फुटला. न सांगितलं तर हे.

दुसऱ्या सकाळी तो कामावर निघाला आणि वाटेतून वळला. डवऱ्यापाशी बाया हंडे घेऊन बसल्या होत्या, कुणी भरायला हात घातला नव्हता. पाण्यावर पातळ तवंग होता. गोदूबाई धोंड्यावर बसली होती. सोनुबाई वाटीनं पाणी हंड्यात घेत होती, हळूहळू, मध्येच थांबत, पोटाशी हात धरून.

"भर गं, भर," गोदूबाई म्हणाली. "तू भरलंस की आमी भरू. तुज्या नवऱ्याच्या शब्दावर तर चाललंय आमचं."

कोंडीराम पुढं झाला. त्यानं सोनुबाईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून रेतीत उपडा केला.

"पिऊ नका," तो म्हणाला. "कुणीच पिऊ नका."

"काय रं हे," गोदूबाई म्हणाली.

"चर मेलाय. गिरणीनं नाय मारला, मी मारला. देव धुवायच्या वक्ताला पाणी चांगलं दिसावं म्हनून मी पोत्यानं पावडर टाकली. सगळा गाळ जळला. तवापासून घाण तशीच येतेय."

बायांनी हंडे मागं ओढले. सोनुबाई रिकाम्या हंड्याकडं बघत होती.

"तवापासून?" ती म्हणाली.

कोंडीरामनं मान हलवली.

"आणि मी मैनाला पाजलं."

तिनं हंडा उचलला, काखेत घेतला आणि चढण चढून निघून गेली. वाटी त्याच्याच हातात राहिली.

गोष्ट घरोघर पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी देवळात धाऊ म्हणाला, "देवीच्या नारळावर हात ठेवलावतास तू." त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं कोंडीरामला जास्त लागलं.

"हो."

"आणि काल माझ्या ओट्यावर बसून मोटार बिघडली म्हनालास."

"हो."

नवशा म्हणाला, "आता त्याच्या चराला शेण द्यायचं आणि आमचा राब उपाशी ठेवायचा? मी नाय देनार." काही माना हलल्या.

मग गोदूबाई बोलली. ती कोंडीरामकडं बघून बोलली नाही. "त्याला नका देऊ. नदीला द्या. शेण नाय दिलं तर पाऊस पडेस्तोवर हीच घाण येनार. राबात थोडा पाला जास्त टाका. रोप बारीक येईल, मरनार नाय." आणि उठता उठता म्हणाली, "माझ्या गोठ्यातलं उद्या सकाळी न्या. आणि त्यानं सोता उचलायचं, गड्याकडून नाय."

त्यानं स्वतःच उचललं. पाटीनं, दारोदार फिरून. काहींनी दिलं, काहींनी गोठ्याचं दार लावून घेतलं. कुणी शेण देताना म्हणे, "देवीला टोचायला नको हां आता." तो ऐकून घेई. धाऊची बैलगाडी मिळाली, ती मात्र त्यानं मागितली नव्हती. धाऊनंच जुंपून दाराशी उभी केली आणि तो आत निघून गेला. विठाबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिनं त्या दिवसांत लेकाशी देवाविषयी एक शब्द काढला नाही.

कर्णिक साहेबांना त्यानं चरावरच सांगितलं, शेण कालवता कालवता. "विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. एवढंच होतं," ते म्हणाले. "मला गिरणीच्या लोकांशी भांडायला लावलंस तू." कामावरून त्याला काढलं नाही. त्याच्या जागी यायला कुणी तयारच नव्हतं, हेही एक कारण.

शेणाचं पाणी चरात पडलं, पात्या फिरत राहिल्या. कितीतरी दिवस करडंच होतं. कोंडीराम बरणी उजेडात धरे आणि खाली ठेवून देई. मग एका सकाळी तळाशी तपकिरी रेघ दिसली, अंगठ्याच्या नखाएवढी जाड. पुढच्या दिवसांत ती वाढत गेली. फेस बसला. वैशाखात राब जळाले तेव्हा नाल्याचं पाणी पुन्हा निवळ झालं होतं आणि चराला मातीचा वास येऊ लागला होता. मैनाही उठून अंगणात खेळू लागली, बारीक झाली होती तेवढीच.

डवरा गावानं दुसरीकडं खणला, नाल्याच्या वर, लांब. हळूहळू काही बाया जुन्याच डवऱ्यावर येऊ लागल्या, जवळ पडतो म्हणून. पुढच्या चैत्रात देव मात्र वरच्या कोंडीवर धुतले. फडकं धाऊच्या हाती होतं. कोंडीराम माणसांच्या मागं उभा राहिला, त्याला कुणी मागं हो म्हटलं नव्हतं आणि पुढं ये असंही म्हटलं नव्हतं.

घरात सोनुबाई त्याच्याशी बोलायची. भाकरी वाढायची, मैनाच्या खोड्या सांगायची, माहेरच्या गोष्टी काढायची. चराविषयी विचारायचं मात्र तिनं सोडून दिलं. पहाटे ती हंडा घेऊन निघे आणि जुन्या डवऱ्याच्या बाजूनं वर चढून जाई.

एकदा तो तिच्यामागून चालत होता, कामावर जाताना. डवऱ्यापाशी थांबून त्यानं आत वाकून पाहिलं. रेतीचा तळ दिसत होता.

"चांगलं हाय आता हे," तो म्हणाला. "इतक्या लांब कशाला जातेस?"

"असंल चांगलं," सोनुबाई म्हणाली, आणि डोक्यावरची चुंबळ नीट करून पुढं चालू लागली.